समुद्राला नेलेला नारळ

आमच्या भागात माणूस पायी निघाला की लोक कारण विचारतात, आणि त्यांच्या हिशेबी कारणं तीनच असतात: देव, जनावर, नाहीतर चुकलेली बस. चौथं कारण काढायला माणूस शिकलेला असावा लागतो. आमच्या घराण्यात शिकलेला पहिला माणूस मी. कमठाण्यात आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी गेलो, बी.ए. झालो, बी.एड. झालो, आणि आता बिदरच्या एका हायस्कुलात समाजशास्त्र शिकवतो. हे मी खाली मान घालून सांगत नाही. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांपासून पदव्या भिंतीला टांगलेल्या आहेत त्यांनी खुशाल नम्र व्हावं. त्यांना परवडतं.

आमच्या स्टाफरूममध्ये असेच एक नम्र सर आहेत. आजोबा निजामाच्या कचेरीत, वडील प्राध्यापक, स्वतः गणिताचे. मागच्या हिवाळ्यात ते समुद्रकाठानं चार-पाच दिवस चालून आले. पैसे भरून. कुठल्याशा कंपनीनं त्यांना टोपी दिली, काठी दिली, आणि चालवलं. फोटो दाखवत ते मला म्हणाले, "चालण्यासारखा आनंद नाही सर. तुमच्याकडं कुणी जात नाही का?"

तुमच्याकडं! माझे वडील उभा जन्म चालले. शेताला चालत, बाजाराला चालत, बिदरला माझी फी भरायला चालत. त्यांना कुणी टोपी दिली नाही, आणि आनंद झाला का असं विचारलंही नाही. मी त्याच दिवशी ठरवलं, की यंदाच्या थंडीत आपणही समुद्रकाठानं चालायचं. आणि एक पैसाही न भरता चालायचं.

सोबतीला दोस्त होता. हॉस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो. दुसऱ्या वर्षी त्यानं कॉलेज सोडलं आणि मन्नाएखेळ्ळीत हायवेवर मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. दुकान न्हाणीघराएवढं, म्हणून मी त्याला 'मालक' म्हणतो. तो मला 'मास्तर' म्हणतो, त्यात किती मान आणि किती टोमणा हे दिवसावर असतं. घर त्याचं मंठाळला. त्याची माणसं मूळची मेंढरंवाली. आजा-पणजा वर्षातले आठ महिने कळपामागं, वडीलही अर्धं आयुष्य तसेच. मेंढरं विकली आणि शेती घेतली ती अगदी अलीकडं.

दुकानात जळकी मोटार उघडून बसलेल्या मालकाला मी बेत सांगितला.

"चालायचं? कामून?"

"कामून म्हणजे? चालायला."

"तिकडं कुनाची मेंढरं हाइत का?"

"नाहीत."

"मंग मागं कशाच्या चालायचं?"

मी त्याला निसर्ग सांगितला, आरोग्य सांगितलं, मोकळी हवा सांगितली. तो तांब्याची तार गुंडाळत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "आमचा आजा मेला तवा त्याच्या तळपायाला घोड्याच्या खुरावानी कातडं व्हतं. त्याला कुनी म्हनलं न्हाई का बाबा, लई आरोग्य हाय तुला." पण येतो म्हणाला. दुकानात थंडीत तसंही काम कमी असतं.

माझ्या वडिलांनी एकाच वाक्यात निकाल दिला. "चालायचंच व्हतं तर शिकलास कशाला? ते तर आमीबी करत व्हताव."

खरा घोळ मंठाळला झाला. मालक रात्रीच्या जेवणाला बसला होता. तोंडात घास. म्हणाला, "माय, मास्तरासंगं चालत जायलाव. समुद्राकडं. गोकर्णापतोर." माय भाकरी थापता थापता थांबली. "कोन्या देवाला?" म्हणाली. घास मोठा होता. तो गिळेपर्यंत तिनंच उत्तर काढलं. "गोकर्णाला म्हंजे म्हादेवाला. नवस बोललास व्हय रं? मला सांगितला न्हाईस." मालक 'हूं' म्हणाला. त्याचं म्हणणं, तो 'हूं' घास उतरल्याचा होता. पण आमच्याकडं देवाच्या विषयात 'हूं' एकदा निघाला की तो परत घेता येत नाही.

सकाळी तिनं नारळ आणला. हळद-कुंकू लावलेला, पिवळ्या फडक्यात बांधलेला. सोबत अटी. गोकर्णात तोच नारळ फोडायचा. बसनं होन्नावरपर्यंत जायला हरकत नाही, पण एकदा चालायला लागल्यावर गाडीत पाय ठेवायचा नाही. मास-मच्छी नाही. आणि सगळ्यात शेवटी, जणू दुधाचा निरोप द्यावा तसं, "नारळ फुटून तुमी घराला येस्तोवर मी भाकर खानार न्हाई."

मायला शुगर आहे. दोन्ही वेळा गोळी असते, आणि गोळीनंतर पोटात काही नसेल तर तिला घाम सुटतो, डोळ्यापुढं अंधारी येते. मालकानं हातापाया पडून पाहिलं. ती म्हणाली, "दूध हाय, केळं हाय. तू जा." मालक दुकानात येऊन माझ्याकडं असा बघत होता, जणू मीच तिच्या ताटातली भाकर उचलली.

"सांग ना तिला, नवस वगैरे काही नाही म्हणून," मी म्हटलं.

"तू सांग. तू शिकलेला हाइस."

मी सांगितलं नाही. शिक्षणाला काही मर्यादा असतात.

असे आम्ही निघालो. घरून निघताना थंडी अशी होती की तोंडातून वाफ निघायची. मी दोन स्वेटर, कानटोपी, मफलर घेतला. मालकानं घोंगडी घेतली. हुबळीहून घाट उतरून होन्नावरला आलो तर तिथं लोक बनियनवर फिरत होते. त्या मुलखात हिवाळा नसतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. हिवाळा आम्हीच घरून पाठीवर घेऊन आलो होतो.

आणि नारळ. होन्नावरात ज्या खानावळीत उतरलो, तिच्या मालकिणीनं बॅगेतून डोकावणारं पिवळं फडकं पाहिलं. सोडून दाखवा म्हणाली. पाहिल्यावर तिनं आत हाक मारून नवऱ्याला बोलावलं, नवऱ्यानं शेजाऱ्याला. तिच्या अंगणात नारळाचा ढीग पडला होता, वर झाडाला लटकत होते ते वेगळे, आणि दोन मोठी माणसं घाटावरून एक नारळ घेऊन आली होती. तोही लहानसा. आमचं बिदरकडचं कन्नड त्यांना अर्धं कळत होतं, त्यामुळं आम्ही जे समजावून सांगितलं त्यानं हसू आणखीनच वाढलं. नवरा नारळ कानाशी हलवून म्हणाला, "हा आमच्याच बाजूचा." असेलही. इथून ट्रकनं बिदरच्या बाजारात गेला असेल, तिथून मंठाळच्या दुकानात, आणि आता हळद-कुंकू लावून आमच्या पाठीवर माहेरी आला होता.

पहिल्या दिवशीचं चालणं मात्र मला जसं हवं होतं तसं झालं. समुद्र डाव्या हाताला, सुरूची झाडं उजव्या हाताला, कडेला वाळत घातलेली मासळी. मी दर फर्लांगावर थांबून फोटो काढत होतो आणि स्टेटसला टाकत होतो. गणिताच्या सरांनी अंगठा पाठवला. एकच अंगठा, पण मला पुरला. मालक चप्पल हातात घेऊन चालत होता. त्याला समुद्राविषयी एकच शंका होती.

"ह्याचा पल्याडचा काठ कोनतं गाव म्हनायचं?"

"अरबस्तान."

"म्हंजे आमच्या तळ्यावानी फिरून मागं येता येत न्हाई."

दुपारी खानावळीत बांगडा तळत होते. नवस मी बोललो नव्हतो, माझी मायही भाकर सोडून बसली नव्हती. मी बांगडा मागवला. मालकानं उकड्या तांदळाचा भात आणि सार घेतला, आणि माझ्या ताटाकडं बघत बसला.

"असा बघू नको," मी म्हटलं.

"खा की. मी काय म्हनलं? माय तिकडं दुधावर हाय, मी हितं सारावर हाय. तू खा. कुनीतरी खायला पायजे."

बांगडा ताटात तसाच राहिला. ताजा होता. मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी कुमट्याच्या अलीकडं मालकाच्या बायकोचा फोन आला. त्याला नाही, मला. ती मला भाऊजी म्हणते, आणि तो शब्द त्या दिवशी दगडासारखा लागला.

"भाऊजी, फोटो बघितले. लई भारी निघायलेत."

"हां वहिनी, इकडं फार..."

"अत्याबाई सकाळी चुलीपाशी चक्कर यिऊन बसल्या. गोळी चालू हाय अन् पोटात नुसतं दूध. डॉक्टर म्हनला, जेवू घाला. जेवत न्हाईत. तुमी काढा फोटो निवांत. मावळतीचा एक काढा."

मी फोन मालकाला दिला. त्यानं ऐकून घेतलं. फोन ठेवून तिथंच वाळूवर घोंगडी टाकून बसला. मी माझं पदवीचं डोकं चालवलं. कुमट्याहून गोकर्णाला बस आहे, दुपारच्या जेवणाआधी नारळ फुटेल, असं सांगितलं.

"पायी म्हनलीया ती."

"अरे, तू नवस बोललासच नाहीस!"

"मी न्हाई बोललो. ती बोलली. उपाशी ती हाय का मी?"

"मग फोन करून फुटला म्हणून सांग. ती जेवेल. विषय संपला."

यावर त्यानं जरा विचार केला, हे मी नाकारत नाही. मग म्हणाला, "ती खाईल. मला जाईल का भाकर? तू भूगोल शिकवतोस, ते नकाशात जाऊन बघतंय का कुनी? पन मायच्या समोर बसून खायचं हाय मला, रोज."

भूगोल नव्हे, समाजशास्त्र, असं मी दुरुस्त केलं. तो उठून चालायला लागला होता.

त्यानंतर जे झालं त्याला भ्रमंती म्हणता येणार नाही. तो मागं, मी पुढं. त्याच्या आजाची चाल त्याच्या पायात कुठं दडून बसली होती कोण जाणे. मी समुद्राकडं बघायला थांबलो की मागून 'हर्रर्र' असा आवाज यायचा, मेंढरांना हाकतात तसा. एका ठिकाणी मी खडकावर बसलो, शिंपले बघायला लागलो, तर त्यानं काठीनं माझ्या पिशवीवर टोचलं. काठी त्यानं कुठून घेतली तेही मला कळलं नव्हतं.

"मी माणूस आहे," मी म्हटलं.

"मेंढरं एवढं बोलत नसतेत," तो म्हणाला.

घाईला समुद्र दाद देत नाही, हे त्याच संध्याकाळी कळलं. पुढं डोंगराचं एक नाक पाण्यात उतरलं होतं आणि त्याच्या पायथ्याची वाळू गायब होती. मासळी गोळा करणाऱ्या एका बाईला विचारलं, तर ती म्हणाली, भरती आहे, पाणी उतरलं की वाट निघेल. कधी उतरेल, असं मालकानं विचारलं. त्याच्या आवाजात हायवेवरच्या बस-स्टँडवर चौकशी करण्याचा ताठरपणा होता. उतरेल तेव्हा, ती म्हणाली, आणि टोपली उचलून गेली. आमच्याकडं पाणी एक तर असतं, एक तर नसतं. रोज येऊन रोज जाणारं पाणी त्याला मंजूर नव्हतं. शेवटी आम्ही झुडपांतून डोंगरावर चढलो, काट्यांनी अंग खरचटून घेतलं, आणि पलीकडं उतरलो तेव्हा अंधार पडत होता. तिथल्या एका घरात ओसरीवर पथारी मिळाली.

सकाळी अघनाशिनीची खाडी आडवी आली. नकाशावर मी ती पाहिली होती, पण निळी रेघ म्हणून. आमच्या मांजरा नदीसारखी असेल, गुडघाभर, असं गृहीत धरलं होतं. समोर पाहिलं तर पलीकडचं तदडी बंदर बोटाएवढं दिसत होतं. पूल पार आत, हायवेला. तिथून वळसा घालून गेलं तर आणखी एक दिवस. काठाला माणसं नेणारी नाव उभी होती.

मालक नावेकडं बघत होता. "नाव गाडी हाय का?"

"गाडी कशी असेल? तिला चाकं नाहीत."

"पन बसून जायचं म्हंजे पायी कसं झालं?"

एक पदवीधर आणि एक मोटार वाइंडर खाडीच्या काठावर उभे राहून चाकांच्या व्याख्येवर वाद घालत होते, आणि तिकडं मंठाळला एक म्हातारी दूध पिऊन गोळी घेत होती. शेवटी मी त्याच्या हातून फोन घेतला आणि मायलाच लावला. प्रश्न समजावून सांगितला. तिचा आवाज बारीक झाला होता, पण निकाल स्पष्ट होता.

"पान्यावर मानूस चालतंय का मास्तर? नाव चालंल. पन बसून मजा करू नका."

हे शेवटचं वाक्य मी मालकाला सांगायला नको होतं. नावेत पंधरा-वीस माणसं होती, दोन मोटरसायकली, एक शेळी. सगळे बसले. मालक बसला नाही. नाव सुटली आणि तो नारळाची पिशवी छातीशी धरून नावेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालायला लागला. तिथून परत. पाय उचलून, मोजकी पावलं टाकत, माणसांच्या गुडघ्यांमधून. नाव डुलायला लागली. शेळी ओरडली. नावाडी कन्नडात त्याच्यावर तुटून पडला. त्याचं मराठी करून सांगायचं तर मथितार्थ असा होता, की बस, नाहीतर उडी मार.

"काय करायलास रे?" मी दातओठ खाऊन विचारलं.

"चालायलोय."

"खाली बस. नाव बुडंल."

"बुडली तर तू बसूनच बुडशील. मी चालत जाईन."

नावाड्यानं नाव ढकलायच्या बांबूनं त्याच्या पोटरीवर फटका दिला तेव्हा तो थांबला, पण बसला नाही. मधोमध उभा राहिला, पलीकडं लागेपर्यंत. माणसं आम्हाला विचारत होती, कुठले तुम्ही? मी लातूरचे म्हणून सांगितलं. बिदरची बदनामी कशाला.

तदडीहून गोकर्ण मग फार नव्हतं. दुपारच्या आधी आम्ही देवळापाशी होतो. तिथं नारळाची दुकानं अशी ओळीनं लागली होती की आमचा नारळ बघून दुकानदारानं मालकाला विचारलं, "परत करायला आणलात का?" मालक तसाच पुढं गेला. त्याला घामानं न्हायल्यासारखं झालं होतं. नारळ फोडायच्या जागी त्यानं तो हातात घेतला, आपटला, आणि एकाच फटक्यात दोन भाग झाले. आत गोड होता, पांढरा स्वच्छ. मीही हात जोडले. मी देव मानत नाही, पण मला मायची ती चक्कर आठवत होती.

बाहेर येऊन त्यानं व्हिडिओ कॉल लावला. नारळाची भकलं दाखवली. माय फोन डोळ्याजवळ धरून बघत राहिली.

"बरं झालं," म्हणाली.

"आता जेव माय. वाढायला सांग."

"घराला या की. मंग जेवते."

'घराला येस्तोवर' हा अटीचा अर्धा भाग आम्ही दोघंही विसरलो होतो. मालकाचा चेहरा पडला. माझा तर कोसळला. माझ्या बेतात गोकर्णाला दोन दिवस नुसतं बसणं होतं, समुद्रासमोर, पाय लांब करून. त्यासाठीच तर मी ही सगळी पायपीट मांडली होती. बांगड्याचं काय ते मी बोलतही नाही.

संध्याकाळच्या बसनं आम्ही परत निघालो. आता गाडीला बंदी नव्हती. बसमध्ये मालक नारळाची भकलं मांडीवर घेऊन बसला. मी स्टेटसला समुद्राचा एक जुनाच फोटो टाकला.

मंठाळला पोचलो तेव्हा दुसरा दिवस बराच वर आला होता. माय अंगणात बाजेवर बसली होती. चार दिवसांत गाल आत गेले होते, हाताची कातडी सैल झाली होती. ते पाहून मला माझ्या टोपीवाल्या सरांचा, त्यांच्या अंगठ्याचा आणि माझा स्वतःचाही राग आला. वहिनीनं आम्हाला पाणी दिलं आणि माझ्याकडं पाहिलं नाही. मालकानं मायपुढं भकलं ठेवली, तिचे पाय धरले, आणि जे त्यानं दुकानात माझ्यावर ढकललं होतं ते स्वतःच बोलला.

"माय, नवस-बिवस काय नव्हता. मी बोललोच न्हाई. नुसतं फिरायला गेल्ताव."

"म्हाईत हाय," माय म्हणाली.

आम्ही दोघंही तोंड उघडं ठेवून बघत राहिलो.

"तुला नवस बोलायचं कधी सुचलंय? तुझा बाप मेंढरं घिऊन निघाला की चार महिने म्हनायचा अन् आठ महिन्यानं यायचा. कुठं गवत दिसलं की बसला. कुठं सोबत मिळाली की बसला. मंग माझ्या सासूनं मला सांगितलं, घरून एक वस्तू सोड, अन् त्याला सांगून सोड. मी भाकर सोडायला लागले. मंग यायचा. शिव्या देत यायचा, पन वक्तावर यायचा."

"अन् नारळ?" मी विचारलं.

"नारळ देवाचा, मास्तर. भाकर माझी."

 मालकाचा बाप आता नाही. मालक उठून आत गेला आणि स्वतः ताट वाढून आणलं, वहिनीला हात लावू दिला नाही. ज्वारीची भाकर, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. मायनं आधी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, मग भाकरीचा कोर मोडला आणि चावत राहिली, दात कमी असल्यामुळं बराच वेळ. मालक समोर उकिडवा बसून तिच्या तोंडाकडं बघत होता, पहिला घास खाली उतरेपर्यंत.

दुसऱ्या घासाला तिनं मला विचारलं, "तुझ्या घरी कोन काय सोडलंतं?"

 घरी गेल्यावर मी बायकोला तेच विचारलं. तीही पदवीधर आहे, माझ्यापेक्षा चांगल्या वर्गाची.

"मी कामून काय सोडू?" ती म्हणाली. "तुमी दोन दिवसाच्या वर भाताला टिकत न्हाई हे मला म्हाईत न्हाई का? भाकरी टोपल्यात हाइत. घ्या."